इलेक्ट्रिक मोटरसायकल घेताना आधी घरचा प्लग पाहावा

इलेक्ट्रिक मोटरसायकल घ्यायची म्हटली की शोरूममध्ये पहिला प्रश्न असतो, ‘एका चार्जिंगमध्ये किती जाते?’ कोल्हापुरात राहणाऱ्याने त्याआधी स्वतःच्या घरातला प्लग पाहावा, असे माझे मत आहे. राजारामपुरीतून रोज गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत जाऊन येणे आजच्या कोणत्याही बऱ्या बॅटरीला जड नाही. ती बॅटरी रात्रीत नीट भरेल की नाही, हे मात्र घराच्या वायरिंगवर अवलंबून असते.

रिव्होल्ट आरव्ही ४०० या मोटरसायकलची बॅटरी ३.२४ किलोवॅट-तासांची आहे (एक किलोवॅट-तास म्हणजे विजेचे एक युनिट). इतर अनेक गाड्यांच्या बॅटऱ्या याच्या थोड्या पुढेमागे आहेत. चार किलोवॅट-तासांची बॅटरी आठशे वॅटच्या चार्जरवर लावली, तर पूर्ण भरायला पाच-सहा तास लागतात आणि चार्जरमधली घट धरून मीटरवर साधारण साडेचार युनिट पडतात. सहा अँपिअरच्या साध्या पॉइंटची मर्यादा १३८० वॅटची असल्यामुळे हा भार कागदावर त्यात सहज बसतो. प्रत्यक्षात मात्र मिक्सर पाच मिनिटे चालतो, तर चार्जर पाच तास. जुन्या सॉकेटमधल्या पट्ट्या सैल झालेल्या असतात, तिथे उष्णता साठत जाते, आणि काही महिन्यांनी प्लग काढून पाहिला तर पिनेच्या मुळाशी तपकिरी वलय दिसते. तासभर चार्जिंग झाल्यावर प्लगला हात लावून पाहावा. तो कोमट लागला तर चालेल, चटका बसला तर सॉकेट त्याच दिवशी बदलावे. एक्स्टेंशन बोर्डाचा विचार तर करूच नये. सोळा अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, मेन बोर्डापासून अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की ती तोडणारा स्विच) एवढे करून घेतले की घरचे काम झाले.

एवढे करूनही अडते ते अर्थिंगपाशी, म्हणजे गळलेली वीज जमिनीत नेणाऱ्या तारेपाशी. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ या भागांतल्या जुन्या घरांत तिसऱ्या पिनेचे भोक असते, पण त्यामागे वायर असेलच असे नाही. असली तरी तिचे दुसरे टोक कुठे गेले आहे हे घरात कोणाला ठाऊक नसते. फ्रीज आणि टीव्ही त्यावर वर्षानुवर्षे चालतात, त्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. काही चार्जर मात्र अर्थिंग तपासतात आणि ते नसेल तर दिवा लाल करून स्वस्थ बसतात. वायरमनला मल्टिमीटर घेऊन बोलवावे. फेज (वीज आणणारी तार) आणि अर्थ यांच्यात जवळजवळ फेज आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) यांच्याइतकाच दाब, म्हणजे व्होल्टेज, दिसला पाहिजे, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा फार अधिक दिसू नये. अर्थिंगऐवजी न्यूट्रललाच जोड देऊन ‘झालं बघा काम’ म्हणणारेही भेटतात. ती युक्ती जिवावर बेतू शकते.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचे दुखणे वेगळे. आपल्या मीटरपासून पार्किंगपर्यंत वायर ओढायची तर सोसायटीची संमती लागते आणि सभेत पहिली शंका विजेच्या बिलाची निघते. वायर स्वतःच्या मीटरवरून येणार आहे, हे अर्जातच स्पष्ट लिहिलेले बरे. काढता येणारी बॅटरी हा यावरचा एक उपाय आहे, परंतु लिफ्ट नसलेल्या इमारतीत ती रोज तिसऱ्या मजल्यावर चढवण्याचा उत्साह फार काळ टिकत नाही.

सार्वजनिक चार्जरबाबत मोठा गैरसमज आहे. पुणे-बेंगळुरू महामार्गावर मोटारींसाठी असलेले सीसीएस टू प्रकारच्या प्लगचे जलद चार्जर बहुतेक मोटरसायकलींना निरुपयोगी ठरतात, कारण त्यांचा दाब दीड-दोनशे व्होल्टपासून सुरू होतो, तर आपली बॅटरी बहुधा पन्नास ते बहात्तर व्होल्टची. हलक्या वाहनांसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये वेगळ्या कनेक्टरचे मानक मंजूर केले. तरीही प्रत्येक कंपनी ते वापरत नाही, म्हणून आपल्या गाडीचे तोंड कोणत्या चार्जरला बसते, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे. जलद चार्जिंगचा खरा लाभ ऐंशी टक्क्यांपर्यंतच असतो, पुढे बॅटरीच प्रवाह कमी करून घेते. बॅटरी बदलून देणारी केंद्रे ही कल्पना चांगली आहे, पण ती त्यासाठीच बनवलेल्या गाड्यांपुरती.

पन्हाळ्यावर राहणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. बॅटरी शंभर टक्के भरून घाट उतरू लागले, तर रीजनरेटिव्ह ब्रेकिंगने, म्हणजे वेग कमी करताना मोटरनेच, तयार होणारी वीज घ्यायला तिच्यात जागाच नसते आणि सगळा भार नेहमीच्या ब्रेकवर येतो. निघताना ती थोडी रिकामी असलेली बरी.

पावसाळ्याचा विचार इथे टाळता येत नाही. बॅटरीवर आयपी ६७ लिहिलेले असते, म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडाली तरी तिला अपाय होऊ नये. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी अनेक वस्त्यांत त्याहून कितीतरी अधिक काळ थांबले होते. पुरात बुडालेली बॅटरी वाळवून चार्जिंगला लावू नये, घरातही आणू नये, थेट सर्व्हिस सेंटरला कळवावे. आणि नागाळा पार्क, दुधाळी किंवा शाहूपुरीच्या सखल भागात पार्किंगमध्ये नवा पॉइंट घ्यायचा असेल, तर बोर्ड भिंतीवरच्या २०१९ च्या पाण्याच्या खुणेच्या वर बसवावा, मग प्लग लावायला स्टूल घ्यावे लागले तरी चालेल.