आमची वाटचाल : दहा दिवसांचा संघ आणि आमचा गाळा

२४ जुलै २०१६ ची रात्र. गोव्यात प्रीमियर फुटसालची, म्हणजे छपराखालच्या छोट्या कोर्टवर पाच-पाच जणांनी खेळायच्या फुटबॉलच्या लीगची, फायनल चालली होती आणि डोंबिवलीत आमच्या घरी टीव्हीसमोर गल्लीतली आठ-दहा पोरं दाटीवाटीने बसली होती. मुंबई फाइव्ह्ज विरुद्ध कोची फाइव्ह्ज. सामना पेनल्टीपर्यंत गेला, मुंबई जिंकली आणि धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, एमआयडीसीतला आपला गाळा रिकामाच आहे ना?" आमच्या धंद्याची सुरुवात ती.

त्या लीगचा थाट मोठा होता. मैदानी फुटबॉलमधले निवृत्त तारे त्यात उतरले होते. अध्यक्षपदी लुईस फिगो, जाहिरातीत विराट कोहली. मुंबईकडे रायन गिग्ज. गोव्याकडून रोनाल्डिन्योने बंगळुरूविरुद्ध एकट्याने पाच गोल मारले आणि पुढे तो परत गेल्यावर त्याच्या जागी काफू आला. पण मला भावला तो चेन्नईकडून खेळणारा ब्राझीलचा फाल्काओ. बाकीचे मैदानावरून फुटसालकडे आलेले, हा मात्र मुळातला फुटसालचा. तळव्याखाली चेंडू दाबून समोरच्याला जागच्या जागी फिरवायचा. १५ जुलैला सुरू झालेली ही स्पर्धा दहा दिवसांत आटोपलीसुद्धा.

आमचा गाळा २८ मीटर बाय १६. आंतरराष्ट्रीय कोर्ट ४० बाय २० चं असतं, आमचं जेमतेम किमान मापात बसणारं. मधे खांब नाहीत, ही जमेची बाजू. कोब्यावर व्हिनाइलचं (प्लास्टिकसारखं) आवरण अंथरलं, पट्टे मारले, ३ बाय २ मीटरचे गोलपोस्ट वेल्डिंगवाल्याकडून करून घेतले. समोरच्या भिंतीवर पेंटरने निळ्या अक्षरांत 'मुंबई फाइव्ह्ज' लिहिलं.

पुढच्या वर्षी लीगने नावंच बदलली. आमच्या संघाचं मुंबई वॉरियर्स झालं, गोवा आणि कोलकाता वगळले गेले, दिल्ली आली. त्या २०१७ च्या हंगामानंतर लीग पुन्हा झालीच नाही. भारतीय फुटबॉल महासंघाची मान्यता तिला नव्हती, पण मला त्याहून मोठं कारण दिसतं ते वेगळं. वर्षाचे उरलेले साडेअकरा महिने या संघाचं मुंबईत काहीच नव्हतं. ना सराव, ना मुलांचा संघ, ना बघायला जायची जागा. लोकांनी जीव लावायचा तो कशाला?

आमच्यावरही तेव्हाच संकट आलं. जूनच्या पावसात व्हिनाइल फुगलं, हाताने दाबलं की खाली पाणी कळायचं. ठेकेदाराने ओल अडवणारा थर दिलाच नव्हता. सगळं उचकटलं, कोबा वाळवला, घासला, ओल अडवणारा इपॉक्सीचा लेप मारला आणि वर जोडायच्या टाइल्स बसवल्या. बायकोच्या बांगड्या त्यात गेल्या, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. तोवर आजूबाजूला हिरवे टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताची भाड्याची मैदानं, उगवले होते आणि संध्याकाळची गिऱ्हाइकं तिकडे वळली.

म्हणून आम्ही सकाळची मुलांची बॅच धरली. टर्फवरचा फाइव्ह-अ-साइड आणि फुटसाल एक नव्हे. फुटसालचा चेंडू चार नंबरचा, कमी उसळणारा. दोन मीटरवरून सोडला तर ५० ते ६५ सेंटिमीटरच उसळायला हवा. आमच्या भिंतीवर या तिन्ही खुणा आहेत. नवीन चेंडू आला की मुलं स्टुलावर चढून तो सोडतात आणि जास्त उसळला की "परत पाठवा, काका!" असा गलका होतो. चेंडू पायाशी राहतो म्हणून पाय शिकतो. किक-इनला, म्हणजे बाजूच्या रेषेबाहेर गेलेला चेंडू पायाने आत घ्यायला, चार सेकंद, म्हणून डोकं आधी चालतं.

लॉकडाऊनमध्ये शटर बंद राहिलं. २०२१ मध्ये महासंघाने दिल्लीत क्लबांची फुटसाल स्पर्धा भरवली, दिल्ली एफसी पहिला विजेता ठरला. २०२३ मध्ये भारताचा पुरुषांचा संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय सामने खेळला, ते आम्ही गाळ्यातच मोबाइलवर पाहिले.

मागच्या दिवाळीत रंगकाम काढलं. भिंतीवरचं नाव पुसू का, असं पेंटरने विचारलं. भाऊ म्हणाला, "त्यावरच एक हात निळा मार."