बांधीतला पन्ना

साकोली तालुक्यातल्या एका गावात बोअरची जागा बघायला गेलो होतो. जमिनीतलं पाणी शोधायचा मीटर गाडीतून उतरवायच्या आतच शेतमालक काका दुपट्ट्याची गाठ सोडत पुढे आले.

"सायेब, पाण्याचं मंग पाहू. पयले हे पाहा."

मूठभर हिरवा दगड. भाताच्या बांधीचा धुरा, म्हणजे बांध, दुरुस्त करताना कुदळीला लागलेला. उन्हात फिरवला की आतून बारीक चमचम उठायची, जणू हिरव्या पाण्यात कुणी बेगड चुरून टाकलीय. शहरातल्या एका रत्नवाल्याने 'पन्ना आहे' म्हणून सांगितलं होतं आणि सर्टिफिकेटसाठी पाच हजार मागितले होते. पैसे दुसऱ्या दिवशी द्यायचे होते.

चाकूचा ओरखडा उठला नाही, उलट दगडानेच बाटलीची काच कापली. काकांचा चेहरा खुलला. आम्लाचा थेंब टाकला, फेस नाही. म्हणजे मॅलाकाइट, तांब्याचं हिरवं खनिज, नव्हे. इथवर सगळं त्यांच्या बाजूने. मग पिशवीतला गारगोटीचा स्फटिक काढला. पन्न्याची कठिणता साडेसात ते आठ, गारगोटीची सात, तेव्हा खऱ्या पन्न्याने तिच्यावर रेघ उमटायला हवी. दोनदा घासलं, उमटली नाही.

त्यांच्या हातात भिंग दिलं. साखरेसारखे घट्ट चिकटलेले गारगोटीचे कण आणि मधूनमधून पातळ हिरव्या टिकल्या. सुईने एक टिकली उचकली, ती पापुद्र्यासारखी निघाली. हा फुक्साइट, क्रोमियम असलेला अभ्रक. गारगोटीला हिरवा रंग तोच देतो, आणि त्याच्या पापुद्र्यांवरून उजेड परततो तीच ही चमचम. पन्न्यात अशी चमचम नसते. काका भुलले ते नेमके ज्या खुणेवर, तीच खूण पन्न्याविरुद्ध साक्ष देत होती. पवनीकडे क्रोमाइट, म्हणजे क्रोमियमचं खनिज, सापडतं, तेव्हा क्रोमियम या भंडारा जिल्ह्याला नवं नाही.

दगडाचं नाव अ‍ॅव्हेंचुरिन. बाजारात 'इंडियन जेड' म्हणूनही खपवतात, जेड या दुसऱ्याच हिरव्या रत्नाशी काडीचा संबंध नसताना. व्हेनिसजवळच्या मुरानोत म्हणे तांब्याचा कीस चुकून काचेत पडला आणि चमचमती काच झाली. इटालियनमध्ये 'अ व्हेंतुरा' म्हणजे योगायोगाने. त्या काचेवरून दगडाचं बारसं झालं. नकलेवरून अस्सलाला नाव पडल्याची दुसरी गोष्ट मला तरी आठवत नाही.

"म्हणजे याचे काईच येनार नाई?"

"माळेचे मणी करतात याचे. पण एका ढेकळाचे कोण किती देणार?"

काका थोडा वेळ गप्प बसले. मग सुईवरची टिकली नखावर घेऊन उन्हात धरली आणि धाकट्या नातीला हाक मारून दाखवली. पाच हजारांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

"बरं, असा दगड असन तं खाली पाणी लागन का?"

खरं तर मी त्यासाठीच आलो होतो. असा क्वार्टझाइट, म्हणजे गारगोटीच्या कणांचा घट्ट खडक, अखंड असला तर कोरडा ठणठणीत, भेगाळलेला असला तरच पाणी. मी केबल उलगडायला घेतली. दुसरं टोक धरून काका धुऱ्याने चालू लागले.