तुम्ही विचारलंत म्हणून: लॅपटॉपवर लिनक्स आहे, त्यावर माइक चालत नाही, तर विंडोज का टाकत नाही?

हा प्रश्न मला घरच्यांनी विचारलाय, शिकवणीतल्या पोरांनी विचारलाय, आणि नागपुरात बर्डीवरच्या लॅपटॉप रिपेअरवाल्यानं तर प्रत्येक भेटीत विचारलाय. "सर, कायले डोकं लावून राहिले? बसा इथं, विंडोज टाकून देतो." मनाचा चांगला माणूस आहे, तळमळीनं सांगतो. मी विषय बदलतो आणि घरी येईपर्यंत त्याच्याशी मनातल्या मनात वाद घालतो. तो वाद आज लिहून काढतो. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी, आतला सोर्स कुणालाही उघडून पाहता येणारी प्रणाली.

2021 चा जून. पाऊस यायचा होता. एका कॉलेजात फिजिक्सची तासिका तत्त्वावरची जागा निघाली होती आणि मुलाखत ऑनलाइन होती. कूलरची घरघर माइकमध्ये जाते म्हणून कूलर बंद, खिडकी बंद, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट. आदल्या रात्री मी आवाज रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐकला होता. स्वच्छ येत होता. तयारीत काही कमी ठेवली नव्हती, हे मुद्दाम सांगतो, कारण "आधी तपासायचं ना" हे वाक्य मी फार ऐकलंय.

कॉल लागला. समोर तिघं. मी नमस्कार केला, ओळख करून दिली. माझ्या स्क्रीनवर आवाजाची पट्टी हलत होती. समोरच्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "सर, तुमचा आवाज येत नाही." मी जोरात बोललो. पट्टी आणखी वर गेली. तिकडे शांतता. म्यूट काढून पाहिलं, लावून पाहिलं, बाहेर पडून परत आलो. शेवटी त्यांच्यातल्या एका मॅडमनी मला फोन लावला आणि तो स्वतःच्या लॅपटॉपसमोर धरला. अशा तऱ्हेनं मी दोन प्रश्नांची उत्तरं दिली. तिसरा प्रश्न झालाच नाही. ठेवताना त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सध्या सगळं ऑनलाइनच शिकवायचंय हो, सर." त्या वाक्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. जागा मिळाली नाही. माइकमुळेच गेली असं मी बरेच दिवस सांगत होतो. आज तसं छातीठोकपणे सांगणार नाही, पण शंका गेलेली नाही.

कारण सापडलं तेव्हा अंगावर काटा आला. काही लॅपटॉपांत आतल्या माइकचा सिग्नल डाव्या आणि उजव्या अशा दोन चॅनलवर येतो, पण एका चॅनलवर उलटा. ड्रायव्हरनं, म्हणजे माइक आणि लॅपटॉप यांच्यातल्या दुभाष्या प्रोग्रामनं, त्यांची वजाबाकी करावी अशी बनवणाऱ्याची अपेक्षा असते. ड्रायव्हरला ते ठाऊक नसेल तर दोन्ही चॅनल जसेच्या तसे येतात. हेडफोनवर डावा कान वेगळा, उजवा वेगळा, म्हणून आवाज ऐकू येतो. कॉलच्या प्रोग्रामनं मात्र दोघांची बेरीज करून एकच चॅनल केला, आणि शिखरावर दरी बसली. उरलं शून्य. बारावीच्या पोरांना मी जे विनाशी व्यतिकरण दरवर्षी फळ्यावर काढून दाखवतो, ते माझ्याच आवाजाचं झालं होतं.

उपाय सोपा होता. पॅव्हूकंट्रोल या आवाजाच्या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये इनपुटच्या बाजूचं कुलूप उघडायचं, म्हणजे दोन्ही चॅनल सुटे होतात, आणि उजवा शून्यावर आणायचा. पुढे कळलं की कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, साउंड ड्रायव्हरमध्ये नेमक्या या दुखण्यासाठी पर्यायही आहे. म्हणजे माझ्या कितीतरी आधी कुणीतरी असाच बोलत राहिला असेल आणि समोर काही पोचलं नसेल.

त्या दिवशी विंडोज असतं तर आवाज गेला असता का? गेला असता. हे मी नाकारत नाही.

तरीही टाकलं नाही. दहा वर्षांपूर्वीचा मी म्हणाला असता, आतला माइक हवाच कशाला, साधा हेडसेट लावा. त्या माणसाशी माझं आज पटत नाही. लॅपटॉपचे पैसे भरताना माइकचेही भरलेले असतात, आणि हॉस्टेलवरच्या पोराकडे दुसरा माइक नसतो. पण तोच माणूस म्हणायचा की बिघाड उघडून पाहता आला पाहिजे. यावर मी त्याच्याच बाजूला आहे.

एका विद्यार्थिनीच्या नव्या, एएमडी कंपनीच्या चिपवाल्या लॅपटॉपवर माइक दिसतच नव्हता. एरेकॉर्ड ही कमांड सापडलेल्या माइकची यादी देते, त्यात नावच नाही. त्या पिढीच्या बऱ्याच लॅपटॉपांसाठी ड्रायव्हरच्या सोर्समध्ये मॉडेलांची एक यादी आहे, वर्गाच्या हजेरीपटासारखी. नाव पटावर नसेल तर माइक शाबूत असूनही गैरहजर. डीएमआयडीकोड या कमांडनं मॉडेलचं नेमकं नाव काढलं, यादीत घातलं, त्या सोर्समधून कर्नल नव्यानं बांधला, आणि तिचा आवाज आला. असं एका मॉडेलचं नाव मूळ कर्नलमध्ये गेलं की ते मॉडेल घेणाऱ्या सगळ्यांचा माइक सुरू होतो. ही दुरुस्ती कुणी विकत घेतलेली नसते.

यात राग येण्यासारखंही आहे, आणि मला येतो. लॅपटॉप विकणारा तपासत नाही, म्हणून विकत घेणाऱ्यानं रात्री जागायच्या, हा कुठला न्याय? इंटेलच्या बऱ्याच नव्या लॅपटॉपांत माइक थेट चिपसेटच्या डीएसपीला, म्हणजे आवाजावर काम करणाऱ्या छोट्या प्रोसेसरला, जोडलेला असतो आणि त्याच्यात भरायचा वेगळा प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, लागतं. मुक्त नसलेलं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये द्यावं की नाही यावर डेबियनवाल्यांनी, म्हणजे लिनक्सची एक आवृत्ती बनवणाऱ्या स्वयंसेवकांनी, 2022 मध्ये मतदान घेतलं, आणि 2023 च्या डेबियन 12 पासून ते मिळू लागलं. तत्त्व सोडलं असं काहींना वाटलं. मला वाटलं, पोरांचा आवाज तर येईल. दुसऱ्या दिवशी वाटलं, आपणही सोडलंच की थोडं. अजून ठरलेलं नाही.

तेव्हा विंडोज का नाही, हे विचारायचं असेल तर खुशाल विचारा. पण तुमचा माइक मुका असेल तर आधी टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर हा आवाजाच्या पट्ट्यांचा प्रोग्राम उघडा, एफ सहानं कार्ड निवडा, एफ चारनं कॅप्चर बघा, आणि मॉडेलचं पूर्ण नाव घेऊन या. रविवारी सकाळी मी घरीच असतो.