रात्रपाळीचे कागद

रंगाच्या कारखान्यात नोकरी केलेल्या बाईला होळीचं फारसं कौतुक उरत नाही. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी माझे कपडे वेगळ्या बादलीत भिजायचे आणि आई ती बादली लांब मोरीच्या कोपऱ्यात ठेवायची. नाक शिंकरलं की रुमाल कधी गुलाबी, कधी निळा. त्यावरून आज प्लान्टमध्ये काय चाललंय ते घरच्यांनाही कळायचं.

ऐंशीच्या दशकात केमिस्ट्रीत एम.एस्सी. करून मी नंदेसरीकडच्या अझो या कृत्रिम रंगांच्या एका कारखान्यात लागले. बडोद्याला हे काही नवीन नव्हतं. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० साली, इथे कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था निघाली. ती उभी करणारे प्रा. त्रिभुवनदास गज्जर रसायनाचे आणि रंगांचे पक्के जाणकार. मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला चाफेकरांनी डांबर फासलं, तो डाग काढून दिला याच गज्जरांनी. (चाफेकरांचा अभिमान बाळगणाऱ्या घरात वाढल्यामुळे या गोष्टीला टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.) पुढे १९०७ साली अलेंबिक ही औषधांची कंपनी सुरू झाली, तेव्हा गज्जर आणि भाईलाल अमीन यांच्या जोडीला कोटीभास्कर होते. बडोद्याच्या मराठी माणसाने फक्त सरकारी खर्डेघाशीच केली, असं कोणी म्हणालं की मी हे नाव पुढे करते.

आता माझं काम. अमाइन, म्हणजे रंगाचा कच्चा माल, आम्लात विरघळवायचं, बर्फाच्या लाद्या फोडून थेट टाकीत टाकायच्या, शून्य ते पाच अंशांवर आणून सोडियम नायट्राइट हळूहळू सोडायचं. हे झालं डायझो. ते तापलं तर नायट्रोजन सुटतो, फेस वर चढतो आणि टाकीत काळपट डांबर उरतं. म्हणून उन्हाळ्यात आमचा जीव बर्फाच्या ट्रकमध्ये अडकलेला असायचा. मग दुसऱ्या टाकीत सोडा घालून तयार ठेवलेल्या कपलरमध्ये, म्हणजे डायझोशी जुळून रंग देणाऱ्या रसायनात, हे डायझो सोडायचं, की डोळ्यांदेखत रंग उभा राहतो. पुढे मीठ मारून तो खाली बसवणं, फिल्टर प्रेस, ड्रायर, दळण.

सगळी गोम आहे ती कपलिंग, म्हणजे या दोघांची जुळणी, संपलं की नाही, हे ओळखण्यात. त्याला यंत्र नव्हतं, फिल्टर पेपर होता. टाकीतला थेंब चिमूटभर मिठावर घेऊन कागदावर टाकायचा. रंग मध्ये बसतो आणि भोवती ओलसर, बिनरंगी कडा पसरते. त्या कडेला एका बाजूने एच-ॲसिडचा (हाही एक कपलरच) थेंब टेकवायचा. दोन थेंब जिथे भेटतात तिथे रेघ उमटली, तर डायझो अजून शिल्लक आहे. दुसऱ्या बाजूने डायझोचा थेंब टेकवायचा. तिथे रेघ आली, तर कपलर शिल्लक आहे. आम्हाला हवी असायची कपलरची जेमतेम दिसेल न दिसेल अशी रेघ. ती केसाएवढी असते. उजेड बरा नसेल तर दिसतच नाही.

आणि नेमकी हीच वेळ माझ्या वाट्याला येत नसे. कारखाना कायद्याच्या ६६व्या कलमाप्रमाणे बाईला संध्याकाळी ७ ते सकाळी ६ कारखान्यात कामावर ठेवता येत नव्हतं. बॅच मी लावायची आणि ती संपायची रात्रीच्या पोरांच्या हातात. वरून सकाळी शेड फिकी आली की जाब मला. कायदा बायकांच्या भल्यासाठी केला म्हणतात. मला तो गोष्ट रंगात आली की उठवून झोपायला पाठवणाऱ्या वडीलधाऱ्यांसारखा वाटायचा.

तोड काढली ती हेड ऑपरेटरकाकांनी. ते दर अर्ध्या तासाचा कागद, वर पेन्सिलीने वेळ लिहून, सुतळीवर चिमट्याने अडकवून ठेवू लागले. सकाळी मी ती माळ उत्तरेच्या खिडकीशी नेऊन एका टोकापासून वाचायची. शेड जुळवायलाही आम्ही तोच उजेड वापरायचो. रात्री केव्हा घाई झाली, केव्हा कोणाला डुलकी लागली, सगळं त्यात उतरलेलं असे. नायट्राइट असलं की निळे होणारे स्टार्च-आयोडाइडचे कागद मात्र सकाळी कुचकामी. आम्ल आणि हवा लागून ते आपोआप निळे पडतात. तिथे काकांच्या शब्दावर भिस्त. शंका असली की ते माझी वाट बघत दारातच उभे असायचे, “बेन, हजी रेघ आवे छे.” म्हणजे अजून रेघ येतेय.

बेन्झिडीन या अमाइनबद्दल लिहायला नको वाटतं, पण टाळणं बरं नाही. डायरेक्ट ब्लॅक ३८ हा काळा रंग त्यापासूनच होतो, स्वस्त आणि खपाऊ. बेन्झिडीनने मूत्राशयाचा कॅन्सर होतो, हे पुस्तकात होतं. आमच्या पोत्यांवर नव्हतं. १९९४ साली जर्मनीने असे रंग बंद केले, आपल्याकडेही त्याच दशकात बंदी आली. कारखान्यात मात्र चर्चा झाली ती अडकलेल्या निर्यातीची. ती पोती उचलणाऱ्यांची तपासणी करा, असं मी लिहून दिलं होतं. उत्तर आलं नाही.

आता बऱ्याच राज्यांत बाईची संमती घेऊन रात्रपाळी देता येते. माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी रात्रीची शिफ्ट सांभाळते. मध्यंतरी अपरात्री तिचा फोन आला. नवरा दचकून उठला, कोण गेलं म्हणून.

“मॅडम, दोन्ही बाजूंनी रेघ येतेय.”

“पीएच किती?”

“साडेसहा.”

“मग इतक्या कमी पीएचला कपलिंग पुढे कसं सरकणार? सोडा घाल, पण थोडा थोडा, नाहीतर फेस येईल. आणि कागद टाकू नकोस, फोटो पाठव.”

फोटो पिवळ्या दिव्याखाली काढलेला होता, काही कळेना. तिला म्हटलं, ट्यूबलाइटखाली जाऊन परत काढ.