साहेब, कुकर लावू का?

हा प्रश्न माझ्या आत्याने विचारला होता, व्हिडिओ कॉलवर, एका अनोळखी माणसाला, स्वतःच्याच स्वयंपाकघरात उभं राहून. फोन मिसळणाच्या डब्याला टेकवून ठेवलेला, कारण कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही असा हुकूम होता. तो म्हणाला, हां माताजी, लगा लीजिए. मग तिने कुकर लावला, शिट्ट्या झाल्या, भात रात्रीपर्यंत तसाच राहिला.

हे लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. शेवटी आत्यालाच विचारलं, तर म्हणाली नाव सोडून सगळं लिही, उगाच काही झाकू नकोस. म्हणून लिहितेय.

आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाली. सांगलीला विश्रामबागेत फ्लॅटमध्ये एकटी राहते, आतोबा जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा हिंजवडीला. एका मंगळवारी सकाळी अकराला फोन आला की तुमच्या आधारवर एक सिम घेतलंय आणि त्यावरून मनी लाँडरिंग झालंय. तिथून कॉल 'मुंबई पोलिसां'कडे, मग 'सीबीआय'कडे, व्हिडिओवर वर्दीतला माणूस, मागे भिंतीवर बोधचिन्ह, व्हॉट्सअपवर शिक्का मारलेलं पत्र. तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कुणाला सांगितलंत तर मुलालाही उचलू. अडीच दिवस हे चाललं. रात्री फोन उशाशी चालू ठेवून झोपली, म्हणजे झोपली कसली, पडून राहिली. गुरुवारी बँकेत जाऊन एफडी मोडली आणि ११ लाख ४० हजार आरटीजीएस केले, 'तपासणीसाठी', निर्दोष ठरलात की ४८ तासांत परत.

त्यानंतर ती २२ दिवस कुणाशी एक अक्षर बोलली नाही.

मला कळलं ते मी सहज भेटायला गेले तेव्हा. फोन पालथा घालून ठेवलेला, दारावरची बेल वाजली की दचकत होती, जेवण नीट नाही. खूप खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. आणि मी, जी कोल्हापुरात कॉलेजात समाजशास्त्र शिकवते, बळी ठरलेल्या माणसाला समाज कसा वागवतो यावर दरवर्षी दोन तास घेते, ती मी पहिलं वाक्य काय बोलले तर, "अगं पण आत्या, तू दिलेसच कसे?"

ती गप्प झाली आणि त्या संध्याकाळी परत बोललीच नाही. मुलाला फोन केला तर तोही तेच, आई तू पेपर वाचतेस ना रोज, त्यात येतं ना हे सगळं. त्याचा काही राग नाही, घाबरला होता तो. पण आमच्या दोघांची वाक्यं तिने किती दिवस मनात घोळवली असतील याचा विचार आला की मला अजून त्रास होतो.

असं का बोलतो आपण? मेल्विन लर्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली एक प्रयोग मांडला होता. काही मुलींना दाखवलं की एका मुलीला चूक केली की विजेचे झटके बसतायत (खरे बसत नव्हते). ज्यांना ते थांबवण्याची काही सोय नव्हती त्या हळूहळू त्या झटके खाणाऱ्या मुलीबद्दलच वाईट बोलायला लागल्या. तिच्यातच काहीतरी कमी असणार. कारण तसं मानलं नाही तर हे उद्या आपल्यालाही होऊ शकतं हे मान्य करावं लागतं आणि ते सहन होत नाही. मी हा प्रयोग फळ्यावर लिहून शिकवलाय आणि त्या दिवशी आत्यासमोर मी अगदी त्यातली एक मुलगी झाले होते.

दुसरा एक विचार मला तेव्हापासून सोडत नाहीये. नॉर्वेचा गुन्हेशास्त्रज्ञ निल्स क्रिस्टी याने १९८६ साली 'आदर्श बळी' अशी कल्पना मांडली. त्याचं उदाहरण असं, एक म्हातारी बाई भरदुपारी आजारी बहिणीची सेवा करून घरी परत चाललीय आणि एक धिप्पाड माणूस तिच्या डोक्यात घालून पिशवी पळवतो. अशा बाईला सगळे लगेच बळी मानतात, ती दुबळी, काम चांगलं करत होती, तिथे असल्याबद्दल तिला कुणी दोष देणार नाही, आणि मारणारा अनोळखी आणि वाईट. आता माझी आत्या बघा. म्हातारी बाई, भरदुपार, स्वतःच्या घरात, समोरचा अनोळखी आणि वाईट. सगळं जुळतंय, फक्त एकच गोष्ट नाही, पिशवी तिने स्वतःच्या हाताने दिली, फॉर्मवर सही करून. तेवढ्या एका सहीमुळे ती बळीच्या रांगेतून बाहेर आणि मूर्खांच्या रांगेत.

आणि ती मूर्ख नाही हो. हे मला अगदी ठासून सांगायचंय. ३४ वर्षं नोकरी केली तिने, आणि त्या नोकरीने तिला काय शिकवलं तर सरकारी कागद आला की हातातलं काम टाकायचं. निवडणुकीची ड्युटी, जनगणना, पोषण आहाराच्या नोंदी, संध्याकाळी परिपत्रक आलं की सकाळी माहिती पंचायत समितीत पोचलीच पाहिजे. आजारपणात सलाईन काढून निवडणुकीच्या ट्रेनिंगला गेलेली बाई आहे ती. 'साहेब' म्हणून वर्दीतला माणूस बोलला की उलट प्रश्न न विचारणं याला आपण आयुष्यभर तिचा चांगुलपणा म्हटलं, कर्तव्यदक्ष म्हणून तालुक्याच्या ठिकाणी शाल-श्रीफळ दिलं. त्या लोकांनी नेमका तोच चांगुलपणा वापरला. लोभामुळे फसतात असं आपण सरसकट म्हणतो, पण इथे लोभाचा संबंधच नव्हता, होती ती भीती आणि आज्ञाधारकपणा.

बँकेचंही तसंच. काउंटरवरच्या मुलीने विचारलं होतं, आजी एवढी एफडी का मोडताय? आत्याला पढवलेलं होतं की फ्लॅट घेतोय मुलगा असं सांगा. तिने सांगितलं. पैसे गेले त्यापेक्षा हे तिला जास्त लागलंय. "मी त्या पोरीशी तोंडावर खोटं बोलले गं," हे वाक्य ती अजून मधूनच म्हणते.

लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या दोन समाजशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं की गुन्हा घडायला तीन गोष्टी एका जागी याव्या लागतात, गुन्हा करायची इच्छा असलेला, सोयीचं सावज, आणि राखण करणारं कुणी नसणं. फेल्सन नेहमी सांगायचा की ही राखण बहुतेक वेळा पोलीस करत नाहीत, शेजारीपाजारी, घरातली, येणारी-जाणारी माणसं करतात. आत्या पूर्वी ज्या वाड्यात राहायची तिथे अकरा वाजता दार लावून बसलं की पाच मिनिटात कुणीतरी कडी वाजवायचं. फ्लॅटमध्येसुद्धा दुसऱ्या दिवशी समोरच्या काकू आल्या होत्या बरं का, कढीपत्ता मागायला. आत्याने दार अर्धंच उघडून बरं नाही म्हणून सांगितलं आणि पाठवलं, कारण आतून फोनवर माणूस ऐकत होता. म्हणजे या फसवणुकीत चोरी करण्याआधी राखण करणारी माणसं एकेक करून बाजूला काढली जातात, मुलगा, शेजारीण, बँकेतली मुलगी. 'कुणाला सांगू नका' हे त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य, बाकी वर्दी नि शिक्के नंतर.

कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची कुठलीही गोष्ट नाही हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये सांगितलं, नंतर तर कुणालाही फोन लावला की आधी ती सूचनेची टेप ऐकू यायची. एरवी खरी अटक असली तरी बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अपवाद सोडला तर अटक करता येत नाही, तिला रात्रभर कॅमेऱ्यासमोर बसवणं तर लांबच. माहिती होती, नाही असं नाही. पण संसदेत दिलेले आकडे बघा, डिजिटल अरेस्ट आणि तशा गुन्ह्यांच्या तक्रारी २०२२ मध्ये ३९,९२५ होत्या आणि गेलेली रक्कम ९१ कोटी, २०२४ मध्ये १,२३,६७२ तक्रारी आणि १,९३५ कोटी. त्याच २०२४ मध्ये लुधियानाच्या ८२ वर्षांच्या एका मोठ्या उद्योगपतीला ७ कोटींना लुटलं, त्यासाठी सुप्रीम कोर्टाची खोटी सुनावणी सुद्धा व्हिडिओवर उभी केली. एवढी कंपनी चालवणारा माणूस, हाताशी वकील असणारा. मग आत्याला कुठल्या तोंडाने विचारायचं की तू कशी फसलीस?

आता त्या २२ दिवसांबद्दल, कारण मला मुख्य बोलायचंय ते यावरच.

पैसे गेले की १९३० या सायबर हेल्पलाइनच्या नंबरला लगेच फोन करायचा असतो. तिथे तक्रार नोंदली की ती रक्कम ज्या खात्यात गेली त्या बँकेला कळतं, तिथे अजून पडून असेल तर थांबवतात, पुढे गेली असेल तर पुढच्या बँकेला. मग cybercrime पोर्टलवर पूर्ण तक्रार. पण ही शर्यत असते, कारण पहिल्या खात्यातून पैसे तासाभरात पाच-दहा खात्यांत फुटतात, तिथून आणखी, मग एटीएम नाहीतर क्रिप्टो. पहिल्या दिवशी केलेला फोन आणि २२ व्या दिवशी केलेला फोन यात जमीन-अस्मानाचा फरक. आत्याचे शेवटी १८ हजार सापडले, तेही अजून हातात नाहीत.

ती का थांबली? मी विचारलं तर म्हणाली, "लोक काय म्हणतील, मुख्याध्यापक होती म्हणे."

अर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९५२ साली ठगांच्या टोळ्यांबद्दल एक गोष्ट लिहिली होती. माणसाला लुटून झालं की टोळीतला एकजण मुद्दाम मागे थांबायचा. त्याचं काम एवढंच, लुटलेल्या माणसाला थंड करायचं, समजूत घालायची, म्हणजे तो चवताळून पोलिसात जाणार नाही, झालं गेलं म्हणून घरी जाईल. आत्याच्या प्रकरणात टोळीला असा माणूस ठेवायची गरजच पडली नाही. ते काम आम्ही केलं. मी केलं, तिच्या मुलाने केलं, व्हॉट्सअप ग्रुपवर फसलेल्या लोकांच्या बातम्यांखाली हसण्याचे इमोजी टाकणाऱ्या नातेवाइकांनी कित्येक महिने आधीपासूनच करून ठेवलं होतं. तिला माहीत होतं आपल्याकडे अशा माणसाबद्दल काय बोलतात. ती त्या ग्रुपवर होती ना.

तक्रार द्यायला गेलो तिथेही (ठाण्याचं नाव घेत नाही) टेबलामागच्या माणसाने मान वर न करता विचारलं, शिकलेल्या ना तुम्ही? मी काही बोलायच्या आत आत्या म्हणाली, हो, शिकलेली आहे, लिहून घ्या. माझ्या डोळ्यात पाणी आलं तेव्हा.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ते पैसे जिथे पहिल्यांदा गेले ते खातं एका पोराच्या नावावर निघालं, वय २०. अशी खाती भाड्याने घेतात, म्यूल अकाउंट म्हणतात. माझ्या वर्गातल्या एका मुलाने मागच्या वर्षी मला विचारलं होतं, मॅडम खातं वापरायला दिलं तर महिन्याला पाच हजार देतोय एकजण, द्यावं का. मी नको म्हटलं, त्याने विचारलं तरी, न विचारणारे किती असतील. आणि फोनवर बोलणारा तो 'साहेब' तरी कोण, कुठे बसलेला? संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने २०२३ मध्ये सांगितलं की म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख माणसं अशा ऑनलाइन फसवणुकीच्या केंद्रांत जबरदस्तीने राबवली जात असावीत. डेटा एंट्रीची नोकरी म्हणून थायलंडला नेतात, पासपोर्ट काढून घेतात, टार्गेट झालं नाही तर मारतात. मार्च २०२५ मध्ये आपल्या हवाई दलाच्या विमानांनी तिथून पाचशेहून जास्त भारतीय परत आणले. आत्याला हे सांगितलं तर बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, तो लगा लीजिए म्हणाला ना कुकर लावताना, आवाज बारीक झाला होता त्याचा. मला माहीत नाही तिला तसं वाटलं की खरंच होतं. मला त्या माणसाबद्दल अजून तरी माया वाटत नाही, तिला वाटते.

गेल्या महिन्यात आत्याने तिच्या भजनी मंडळात सगळं सांगितलं, स्वतःहून, पेटी बंद झाल्यावर. मी होते तिथे. कुणी हसलं नाही. एकदोघींनी नुसता हात धरला. नंतर चहा गाळत असताना त्यातल्या एक बाई स्वयंपाकघरात आल्या, पदराशी चाळा करत, आणि हळूच म्हणाल्या की मलाही लग्नपत्रिका म्हणून एक फाइल आली होती व्हॉट्सअपवर, उघडली, तर खात्यातनं ३२ हजार गेलेत, आमच्या ह्यांना अजून सांगितलं नाही.

"कधी?" आत्याने विचारलं.

"आज सकाळीच."

आत्याने गाळणं तसंच पातेल्यावर ठेवलं, ओल्या हातानेच त्यांचा फोन घेतला, आधी विमान मोडवर टाकला म्हणजे त्या फाइलला नेट मिळायला नको, आणि स्वतःच्या फोनवरून १९३० लावला. लाइन बिझी. परत लावला. मला म्हणाली, तू यांच्या बँकेच्या नंबरवर लाव तोवर, कार्ड आणि खातं बंद करायला सांग. त्या बाई रडायला लागल्या तर त्यांच्याकडे न बघता, मुलांना शुद्धलेखन घालताना बोलायची तसल्या आवाजात आत्या म्हणाली, "रडायला नंतर वेळ आहे, आधी मला सांगा पैसे गेल्याचा मेसेज किती वाजता आला." चौथ्यांदा लाइन लागली.