अवतरणातली धमकी

एका लेखिकेला आलेली धमकी अवतरणचिन्हांत जशीच्या तशी देऊन, तिचा निषेध करणारी पोस्ट मी 2023 मध्ये लिहिली होती. दुसऱ्याच दिवशी ‘धमकीचा मजकूर’ म्हणून ती काढून टाकल्याची सूचना आली. हरकत कोणत्या वाक्याला आहे हे त्यात नव्हते. पण ‘घरात घुसून ठोकून काढू’ एवढेच शब्द टिपणाऱ्या यंत्राला ते माझे वाटले असणार. फेरविचाराचे बटण दाबताच चार मिनिटांत ‘निर्णय कायम’ असे उत्तर आले.

मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे गेलो. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तेव्हा पोच 24 तासांत आणि निकाल 15 दिवसांत देणे बंधनकारक होते. पोच वेळेत आली आणि चौदाव्या दिवशी उत्तरही आले, ते पहिल्या सूचनेतल्याच मजकुराचे.

पुढची पायरी होती तक्रार अपील समिती. ऑक्टोबर 2022 मधल्या दुरुस्तीने तिची तरतूद झाली, तेव्हा कोणता मजकूर राहावा हे केंद्र सरकारने नेमलेल्या माणसांनी ठरवणे मला धोक्याचे वाटले होते, आणि आजही वाटते. तरीही 30 दिवसांची मुदत संपत आल्यावर, काहीसा ओशाळून, मीच तिथे अर्ज भरायला बसलो. स्क्रीनशॉट जोडताना लक्षात आले, की सुरुवातीचे अवतरणचिन्ह आदल्या ओळीच्या टोकाला एकटेच लटकले आहे. त्याभोवती लाल वर्तुळ काढले.

समितीचा निकाल येण्याआधीच ‘पुन्हा तपासणी केली असता’ अशा मोघम शब्दांत कंपनीने पोस्ट परत चढवली. माझा तर्क असा, की वापरकर्त्यांच्या मजकुराबद्दल कंपनीला जबाबदार न धरणारे, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 79 चे संरक्षण नियम पाळण्यावर अवलंबून असल्याने, सरकारी समितीकडे प्रकरण गेल्यावरच कोणीतरी ती पोस्ट खरोखर वाचली.

हाच धाक उलट दिशेनेही चालतो. एका मित्राची पोस्ट ‘कायदेशीर मागणीवरून भारतात उपलब्ध नाही’ एवढ्या ओळीमागे गेली. त्याच कायद्याच्या कलम 69अ खालचे, मजकूर अडवण्याचे सरकारी आदेश 2009 च्या नियमांनुसार गोपनीय राहतात, त्यामुळे मागणी कोणाची आणि कशासाठी, हे त्याला कळलेच नाही. त्याने माझा अर्ज नमुना म्हणून मागितला आणि मी तो पाठवलाही. पण आदेशच पाहायला मिळालेला नसताना कशाचे खंडन करायचे, या त्याच्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हते.