आमची वाटचाल : मोझॅकच्या घोटाईपासून ओतीव टेराझोपर्यंत

सुरुवातीला आमचे काम घोटाईपुरते होते. दुसऱ्यांनी बसवलेल्या मोझॅक लाद्यांवर मशीन फिरवायचे, सांधे भरायचे, पॉलिश करून द्यायचे. पुढे जागेवरच ओतायचा टेराझो हाती घेतला, म्हणजे दगडाच्या चिप्स (बारीक तुकडे) सिमेंटमध्ये कालवून ओतायच्या आणि घोटून गुळगुळीत करायच्या. त्यानंतर सिमेंटऐवजी एपॉक्सी या रेझिनमध्ये चिप्स बसवलेले ओटे आणि पायऱ्या आल्या. या सगळ्या कामातून आमचे एक मत पक्के झाले आहे: फरशी चांगली की वाईट, हे मशीन लागण्याआधीच ठरलेले असते.

आधी जाडी. ४ ते ७ मिमीच्या चिप्स असतील तर वरचा थर किमान ९ मिमी, ७ ते १० मिमीच्या असतील तर १२ मिमी. थर पातळ धरला की मोठ्या चिपला खालून पकड राहत नाही आणि घोटाईत ती उखडते. फरशी पट्ट्या बसवून कप्प्यांत विभागतो आणि कप्प्याची कुठलीही बाजू २ मीटरच्या पुढे जाऊ देत नाही. खालच्या काँक्रीटला जिथे सांधा असेल, नेमकी त्याच्यावर पट्टी यायला हवी. डिझाइनसाठी पट्टी चार बोटे सरकवली, तर तडा पट्टीला जुमानत नाही, तो सांध्यावरच उमटतो. पट्टी पितळेची किंवा काचेची घेतो. अॅल्युमिनियमला ओल्या सिमेंटचा क्षार खातो.

मालात वजनाने ३ भाग सिमेंट, १ भाग संगमरवरी पावडर. या मिश्रणाच्या एका मापाला दीड ते पावणेदोन मापे चिप्स. रंग सिमेंटच्या वजनाच्या १० टक्क्यांपुढे नेला की ताकद घटते. एका खोलीचा सगळा माल कोरडाच एकदम मिसळून ठेवायचा आणि त्यातलाच थोडा चिप्स न घालता फटी भरायला बाजूला काढायचा. नंतर केलेला रंग कितीही मोजून केला तरी जुळत नाही.

सगळ्यात जास्त लक्ष आम्ही रोलरवर देतो. माल थापीने पसरला की वरून आणखी चिप्स पेरायच्या आणि रोलर फिरवत राहायचा. जास्तीचे पाणी आणि सिमेंटची साय वर येते, ती काढायची, पुन्हा फिरवायचा. चिप्स एकमेकींना टेकल्या की रोलरखालचा आवाज बदलतो. इथे घाई झाली तर घोटल्यावर चिप्सऐवजी सिमेंटचेच चट्टे दिसतात. माल सैल कालवला असेल तर बारीक छिद्रेही पडतात.

साधारण सात दिवस पाणी मारून मग मशीन. आधी ६० नंबरचा घासायचा दगड, मग १२०, शेवटी ३२० (नंबर वाढेल तसा दगड बारीक). पहिल्या दोन घोटाईंनंतर फरशी धुऊन राखलेल्या मालाची पेस्ट छिद्रांत चोळून भरायची आणि तिलाही चार-पाच दिवस पाणी द्यायचे. लवकर मशीन लावले तर चिप्स निघतात. उशीर झाला तर फक्त दगड जास्त झिजतात, म्हणून आम्ही उशीर पत्करतो.

एपॉक्सीत पाणी मारण्याचे दिवस वाचतात, पण खालचे काँक्रीट ओलसर असेल तर थर फुगून सुटतो. ओल मोजल्याशिवाय आम्ही ओतत नाही. उन्हात एपॉक्सी पिवळे पडते, त्यामुळे उघड्या जागी सिमेंटचाच टेराझो करतो.

स्वयंपाकाच्या ओट्याचा मात्र वेगळा विचार लागतो. लिंबू आणि व्हिनेगर संगमरवराला खातात आणि सिमेंटलाही, म्हणून तिथे ग्रॅनाइटच्या चिप्स आणि एपॉक्सी हीच जोडी सुचवतो.